गुणवंत की होतकरू?

माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठी हा विषय आम्ही कसाबसा उरकायचो. त्यामुळे मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी हसले, मग घाबरले, आणि आता ऐन सबमिशनच्या आठवड्यात फाइलींचा ढीग बाजूला सारून लिहायला बसले आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पदरात घ्याव्यात.

निमित्त झालं ते हॉस्टेलच्या वादविवाद स्पर्धेचं. विषय होता, शांततेचा पुरस्कार झालेल्या कामासाठी द्यावा की पुढे काहीतरी होईल या आशेवर द्यावा. चिठ्ठीत मला झालेल्या कामाची बाजू आली आणि मी तुटून पडले. बराक ओबामा यांचं उदाहरण तर आयतंच होतं. २० जानेवारी २००९ ला ते अध्यक्ष झाले आणि ९ ऑक्टोबरला त्यांना नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला. नऊ महिनेसुद्धा भरले नव्हते. १ डिसेंबरला त्यांनी अफगाणिस्तानात आणखी तीस हजार सैनिक पाठवणार असल्याचं सांगितलं आणि १० डिसेंबरला ऑस्लोला जाऊन पदक घेतलं. मी विचारलं, सेमिस्टर सुरू होताच कुणी डिस्टिंक्शनचं सर्टिफिकेट देतं का? टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला.

सर्टिफिकेट मिरवत रूमवर आले तर कॉटवर गावाकडून आलेला एक लिफाफा पडला होता. तो कसला, हे सांगायला जरा मागे जावं लागेल. मी बारावीत असताना वडिलांचं दुकान बंद पडलं. पुढे गावातल्या एका ट्रस्टने मला शिष्यवृत्ती दिली. त्या समारंभात दोन रांगा होत्या. पुढच्या रांगेत गुणवंत विद्यार्थी. त्यांना शाल, श्रीफळ आणि टक्क्यांसह नावाचा पुकारा. मागच्या रांगेत गरीब व होतकरू विद्यार्थी. त्यांना पाकीट. मी मागच्या रांगेत होते. ते पाकीट दर वर्षी येतं, पण त्याआधी एक फॉर्म येतो आणि त्यात एक रकाना असतो, मागील वर्षातील प्रगतीचा तपशील. माझी मागील वर्षातली ठळक प्रगती म्हणजे एम-थ्रीची केटी. संध्याकाळभर मी स्टेजवरून जे ठणकावून सांगितलं, ते खरं मानलं तर ट्रस्टने माझे पैसे त्याच दिवशी बंद करायला हवे होते. रूममेटला हे सांगितलं तर ती इतकी हसली की शेजारच्या रूममधून भिंतीवर थाप पडली.

मला त्या रात्री धड झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले आणि इंजिनिअरिंग सोडून जे एकुलतं एक कपाट आहे त्यातून आल्फ्रेड नोबेल या माणसाबद्दल मिळेल ते काढलं. म्हटलं, ज्याने पुरस्कार ठेवला त्याच्या मनात काय होतं ते तरी बघू.

नोबेलची एकच गोष्ट मला माहीत होती. ती मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरांनी सांगितली होती. १८८८ साली नोबेलचा भाऊ लुडविग फ्रान्समध्ये कान या गावी वारला. पेपरवाल्यांना वाटलं आल्फ्रेडच गेला. त्यांनी मृत्यूचा व्यापारी वगैरे म्हणून त्याला शिव्या घातल्या, ते वाचून त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने पुरस्कार ठेवले. गोष्ट छान आहे, वर्गात सांगायला सोपी आहे. पण मला आता ती पटत नाही, कारण पश्चात्ताप झालेला माणूस सहा वर्षांनी तोफांचा कारखाना विकत घेत नाही. नोबेलने १८९४ साली बोफोर्स घेतला. हो, तोच बोफोर्स, जो आपल्याकडे पुढे वेगळ्या कारणाने गाजला.

आल्फ्रेडचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ ला स्टॉकहोममध्ये झाला. त्याच वर्षी त्याच्या वडिलांचं, इमॅन्युएल नोबेल यांचं, दिवाळं निघालं. ते इंजिनिअर होते, डोक्यात सतत नवीन काहीतरी, खिशात काही नाही. नशीब काढायला ते परदेशी गेले आणि सेंट पीटर्सबर्गला स्थिरावले. मागे आई आंद्रिएत्ते किराणा दुकान चालवून मुलं सांभाळत होती. (हे वाचताना मला आमचं घर आठवलं, पण ते असो.) १८४२ ला सगळे रशियात गेले. तोवर वडील झारच्या सैन्यासाठी पाण्यातले सुरुंग करू लागले होते. क्रिमियन युद्धात धंदा जोरात चालला, १८५६ ला युद्ध संपलं, ऑर्डरी बंद झाल्या आणि १८५९ पर्यंत वडील पुन्हा रस्त्यावर आले. शांतता झाली की घरात उपासमार, हे या मुलाने तरुणपणीच पाहिलं होतं. त्याच्या आयुष्यातला सगळा घोळ मला इथूनच सुरू झाल्यासारखा वाटतो.

आल्फ्रेड शाळेत गेला तो फक्त वर्षभर. बाकी सगळं घरी शिकवणीला. सतराव्या वर्षी त्याला पाच भाषा येत होत्या आणि तो इंग्रजीत कविता करायचा. आपल्यापैकी जे फर्स्ट इयरला वहीच्या मागच्या पानावर कविता करतात त्यांनी निराश होऊ नये. रसायनशास्त्राच्या शिकवणीला निकोलाय झिनिन होते. त्यांच्याकडे नायट्रोग्लिसरीनची ओळख झाली. हा पदार्थ सोब्रेरो नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ साली तयार केला होता आणि त्याचा इतका धसका घेतला होता की याच्या नादी कुणी लागू नये असंच त्याचं मत होतं. पातळ, तेलासारखा, आणि जरा धक्का बसला की उडणारा. पेटवायचा म्हटला तर मात्र हवा तेव्हा उडेलच याची खात्री नाही. म्हणजे दोन्हीकडून वाईट.

आल्फ्रेडने आधी दुसरा प्रश्न सोडवला. मोठा स्फोट घडवायला आधी त्याच्याजवळ एक छोटा स्फोट घडवायचा. आज आपण ज्याला डिटोनेटर म्हणतो त्याची ही सुरुवात, १८६३ सालची. कामाचं महत्त्व बघितलं तर जाणकार याला डायनामाइटपेक्षाही वरचा शोध मानतात. पण पहिला प्रश्न तसाच राहिला होता आणि त्याने वाट बघितली नाही.

३ सप्टेंबर १८६४ ला स्टॉकहोमजवळ हेलेनबोर्ग इथल्या त्यांच्या शेडमध्ये स्फोट झाला. जी माणसं गेली त्यात आल्फ्रेडचा सर्वात धाकटा भाऊ एमिल होता. नोबेल भावंडांत युनिव्हर्सिटीपर्यंत पोचलेला तो एकटा. वय वीस. माझ्याएवढंच. पुढे काही महिन्यांत वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, त्यातून ते पूर्ण उठलेच नाहीत आणि १८७२ साली गेले, तेही बरोबर ३ सप्टेंबरला.

आता इथे थांबा आणि विचार करा. १८६४ च्या शरद ऋतूत आल्फ्रेड नोबेलच्या नावावर जमा काय होतं? वडिलांची दोन दिवाळी, एक उडालेली शेड, मेलेला भाऊ. शहरात हा पदार्थ तयार करायला बंदी. मागील वर्षातील प्रगतीचा तपशील लिहायचा तर त्याने काय लिहिलं असतं! आणि तरीही त्याच वर्षी, स्फोटाला तीन महिने व्हायच्या आत, स्मिट नावाच्या स्टॉकहोमच्या श्रीमंत व्यापाऱ्याने त्याच्या कंपनीत पैसे घातले. नायट्रोग्लिसरीनची जगातली ती पहिली कंपनी. जागा मिळेना तेव्हा आल्फ्रेडने सरोवरात एक तराफा नांगरला आणि त्यावर काम सुरू ठेवलं. स्मिट काही संत नव्हता, त्याला धंदा दिसत होता हे उघड आहे. पण त्याने उडालेली शेड बघून निर्णय घेतला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढचं म्हणजे १८६७. जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या कारखान्यात काम करताना आल्फ्रेडने नायट्रोग्लिसरीन किसलगुरमध्ये जिरवलं. किसलगुर म्हणजे डायटमच्या कवचांपासून झालेली सच्छिद्र माती. तीन भाग तेल आणि एक भाग माती घेतली की मळलेल्या कणकेसारखा गोळा होतो, त्याच्या कांड्या वळता येतात आणि तो नुसत्या धक्क्याने सहसा उडत नाही. हेच डायनामाइट. आपण मुंबई-पुणे रेल्वेने जातो तेव्हा बोरघाटातले जे जुने बोगदे लागतात ते १८६३ पर्यंत झाले, म्हणजे साध्या बंदुकीच्या दारूने. सिव्हिलवाल्यांनी त्याची तुलना आल्प्समधल्या पंधरा किलोमीटरच्या सेंट गॉथर्ड बोगद्याशी करून बघावी. तो १८७२ ते १८८२ मध्ये डायनामाइटने खोदला. तिथेही कामगार मेलेच. पण असा बोगदा खोदता येतो हे तेव्हा दिसलं.

त्यानंतरचं यश मी भराभर सांगते, कारण यशाच्या भागात तोच तो पाढा आहे. वीसहून अधिक देशांत कारखाने, एकूण ३५५ पेटंटं, १८७५ चं स्फोटक जिलेटिन, १८८७ ची बॅलिस्टाइट नावाची धूर न करणारी बंदुकीची दारू. ही शेवटची सरळसरळ लढाईसाठी होती. त्याने ती इटलीला दिली म्हणून फ्रान्समध्ये तो देशद्रोह्यासारखा ठरला आणि १८९१ ला त्याला पॅरिस सोडून इटलीत सान रेमोला राहायला जावं लागलं. लग्न नाही, मूल नाही, बहुतेक आयुष्य रेल्वेच्या डब्यात आणि हॉटेलांत.

या सगळ्यात एक बाई येते आणि मला वाटतं खरी कथा तिचीच आहे. १८७६ साली नोबेलने सेक्रेटरीसाठी जाहिरात दिली. बर्था किन्स्की नावाची ऑस्ट्रियन सरदार घराण्यातली, पण पैसे संपलेली मुलगी पॅरिसला आली. आठवडाभर टिकली. मग परत जाऊन ज्याच्यावर प्रेम होतं त्याच्याशी पळून जाऊन लग्न केलं आणि बर्था फॉन सुटनर झाली. आठवड्याची ओळख, पण पत्रव्यवहार नोबेल मरेपर्यंत टिकला. १८८९ साली तिने शस्त्रं खाली ठेवा अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. ती युरोपभर गाजली आणि बर्था शांतता चळवळीची पुढारी झाली. ती नोबेलकडे पैसे मागायची, तो द्यायचा आणि वर खोडीही काढायचा. १८९२ ला स्वित्झर्लंडमध्ये भेट झाली तेव्हा त्याने तिला सांगितलं की तुमच्या परिषदांच्या आधी माझे कारखानेच युद्ध थांबवतील, कारण दोन सैन्यं एका क्षणात एकमेकांना संपवू शकली की सगळे शहाणे देश घाबरून सैन्य घरी पाठवतील. त्याला हे मनापासून वाटत होतं. १९१४ ला काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा तो नव्हता. बर्था मात्र २१ जून १९१४ ला गेली, साराएव्होत गोळी सुटायच्या आठवडाभर आधी.

वादविवादातली माझी बाजू मला पहिल्यांदा डळमळीत वाटली ती जानेवारी १८९३ च्या त्याच्या एका पत्रापाशी. बर्थाला त्याने कळवलं की शांततेसाठी काम करणाऱ्याला दर पाच वर्षांनी एक पुरस्कार ठेवायचा माझा विचार आहे. आणि तो फक्त सहा वेळा द्यायचा. तीस वर्षांत जग सुधारलं नाही तर ते पुन्हा रानटी होणार, मग पुरस्कार देऊन काय उपयोग, असा त्याचा हिशोब होता. हा झालेल्या कामाचा सत्कार करू पाहणारा माणूस नाही. हा डेडलाइन टाकून पैसे लावणारा इंजिनिअर आहे. त्याच्या जवळच्या लोकांनी असंही लिहून ठेवलं आहे की कर्त्या माणसाला पैसे ठेवायला त्याचा विरोध होता, आयता पैसा आला की काम करायची ओढ जाते म्हणून. जे स्वप्नं बघतात आणि ज्यांचं व्यवहारात काही जमत नाही त्यांना मदत करावी असं त्याला वाटे.

पण २७ नोव्हेंबर १८९५ ला पॅरिसमधल्या स्वीडिश-नॉर्वेजियन क्लबात त्याने जे मृत्युपत्र सही केलं, त्यात लिहिलंय वेगळं. वकिलांवर त्याचा विश्वास नव्हता म्हणून ते त्याने स्वतःच लिहिलं होतं. बक्षीस कुणाला, तर ज्यांनी मागील वर्षात मानवजातीचं सर्वात जास्त भलं केलं त्यांना. मागील वर्षात! माझ्या फॉर्मची भाषा. शांततेच्या बाबतीत तीन गोष्टी दिल्या आहेत, देशादेशांत बंधुभाव वाढवणं, खडं सैन्य कमी किंवा बंद करणं, शांतता परिषदा भरवणं. मी हे चारदा वाचलं. युद्ध थांबवलं पाहिजे असं कुठेच म्हटलेलं नाही. काम केलेलं पाहिजे, पण ते फळाला आलेलं पाहिजे अशी अट नाही. परिषद भरवणाऱ्याला बक्षीस, परिषद यशस्वी झाली की नाही याची चौकशी नाही. मग गुणवंत आणि होतकरू यांच्या मधली अशी एक तिसरी रांग त्याच्या डोक्यात असावी, ज्यांनी काम सुरू केलंय, त्याची किंमत मोजली आहे आणि ज्यांना अजून काही मिळालेलं नाही अशांची.

मागील वर्ष ही अट पहिल्याच वेळी मोडली. १९०१ चं अर्धं शांतता पारितोषिक रेडक्रॉसच्या आंरी द्युनाँ यांना मिळालं. सोल्फेरिनोच्या लढाईतले जखमी त्यांनी पाहिले १८५९ ला, रेडक्रॉस सुरू झाली १८६३ ला. पुरस्कार येईपर्यंत ते त्र्याहत्तर वर्षांचे, दिवाळखोर आणि स्वित्झर्लंडमधल्या एका लहानशा दवाखान्याच्या खोलीत पडलेले होते. त्या पैशाला त्यांनी जवळजवळ हातच लावला नाही. काम पूर्ण होईस्तोवर थांबायचं म्हटलं की असं होतं. आणि फार थांबलं की गांधीजींसारखं होतं. पाच वेगवेगळ्या वर्षी नाव सुचवलेलं, शेवटचं १९४८ चं. जानेवारीत ते गेले आणि त्या वर्षी योग्य असा जिवंत उमेदवार नाही म्हणून समितीने पुरस्कार कुणालाच दिला नाही.

याच्या उलट कार्ल फॉन ओसिएत्स्की. जर्मनी चोरून हवाई दल उभारतंय हे छापल्याबद्दल तुरुंगात गेलेला संपादक, नंतर हिटलरच्या छळछावणीत. १९३५ चा पुरस्कार त्याला १९३६ ला जाहीर झाला. त्याने युद्ध थांबवलं नव्हतं आणि ते थांबलंही नाही. १९३८ ला तो क्षयाने, पहाऱ्यातच गेला. स्पर्धेत माझ्यासमोर कुणी त्याचं नाव घेतलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून मी माझं मत आता असं बदललं आहे. ज्याच्या हातात सैन्य आणि खुर्ची आहे, त्याच्या आश्वासनाला बक्षीस देऊ नये, त्याने आधी करून दाखवावं. इथियोपियाचे अबी अहमद यांना २०१९ ला पुरस्कार मिळाला आणि नोव्हेंबर २०२० ला टिग्रेमध्ये युद्ध पेटलं. पण ज्याच्या हातात काही नाही, आणि तरी ज्याने स्वतःचं काहीतरी पणाला लावलंय, त्याला काम संपेपर्यंत ताटकळत ठेवू नये. तो पुरस्कार म्हणजे पदक नसतं, रसद असते. स्पर्धेचं सर्टिफिकेट परत करायला मी तयार आहे, पण आयोजकांनी नको म्हटलं.

नोबेलचे शेवटचे दिवस सान रेमोला गेले. हृदयविकारावर डॉक्टरांनी त्याला नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं. पेशंट घाबरू नये म्हणून औषधाला ट्रायनायट्रिन म्हणायचे. नोबेलला याची फार गंमत वाटली होती. १० डिसेंबर १८९६ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. शेजारी फक्त नोकर.

मृत्युपत्र उघडलं तेव्हा घोळ लक्षात आला. पैसा तीन कोटी क्रोनरहून जास्त, पण तो कुणाला दिला? बक्षिसं वाटणारी संस्थाच अस्तित्वात नव्हती. ज्या संस्थांनी निवड करायची त्यांना कुणी विचारलं नव्हतं. स्वीडनच्या राजाला शांततेचं बक्षीस नॉर्वेच्या संसदेने निवडायचं हे आवडलं नाही. काही नातेवाइकांनी कोर्टाची तयारी केली. आणि हे सगळं निस्तरायला नोबेलने मुख्यतः ज्याच्यावर सोपवलं होतं तो रॅग्नार सोलमन, वय सव्वीस, केमिकल इंजिनिअर. १८९३ पासून नोबेलकडे नोकरीला. कायद्याचं शिक्षण नाही, इस्टेटीचा अनुभव नाही. मृत्युपत्रात आपलं नाव आहे हेसुद्धा त्याला नोबेल गेल्यावर कळलं. होतकरू म्हणावा असा, बस.

सोलमन पॅरिसला गेला. नोबेलचे शेअर आणि रोखे तिथल्या बँकांमध्ये होते आणि फ्रेंच सरकारने वास्तव्य पॅरिसचं ठरवलं असतं तर मोठा हिस्सा करात गेला असता. तेव्हा त्याने ते कागद बँकांतून काढले, साध्या घोडागाडीत घातले, शेजारी भरलेलं पिस्तूल घेऊन स्वतः बसला आणि पॅरिसच्या रस्त्यांवरून स्वीडिश वकिलातीत नेऊन पेट्यांमध्ये बांधून देशाबाहेर पाठवले. शेवटी वास्तव्य स्वीडनमधलं ठरलं. बोफोर्सजवळच्या घरी नोबेलने रशियन घोडे ठेवले होते, त्याचाही उपयोग झाला. पुतण्या इमॅन्युएल राजाचं न ऐकता मृत्युपत्राच्या बाजूने उभा राहिला, १८९८ ला बाकी नातेवाइकांशी तडजोड झाली, १९०० ला नोबेल फाउंडेशन स्थापन झालं आणि बरोबर पाच वर्षं झाल्यावर, १० डिसेंबर १९०१ ला पहिली पारितोषिकं दिली गेली. प्रत्येकी १,५०,७८२ क्रोनर. १९०५ चं शांततेचं बर्था फॉन सुटनरला.

माझा फॉर्म पोस्टात टाकायची शेवटची तारीख शनिवार आहे. मागील वर्षातील प्रगतीच्या रकान्यात मी एम-थ्रीची केटी लिहिली आहे, आणि खाली उरलेल्या जागेत रि-एक्झामची तारीख.